छत्रीवाल्या रसूलची वही

लोकांच्या घरातले रिमोट हातात धरायची गुलाम रसूलला शिसारी येई. बटणांच्या फटीत पिठाचा चिकटा, कुठे गुटख्याची वाळलेली लाळ, कुठे सेल निसटू नये म्हणून आवळलेली चिकटपट्टी आणि तिच्या कडांना मळाची काळी किनार. तो आधी खिशातून थिनरमध्ये बुडवलेलं फडकं काढी, रिमोट पुसे, फडक्यावर आलेलं काळं घरमालकाला दिसेल असं धरी आणि मग कामाला लागे. "मिस्त्री लय नखरेल हाय," असं बोरशेतात म्हणत. म्हणोत. दुसऱ्यांची घाण हातावर घेऊन जेवायला बसणं त्याला जमत नव्हतं.

बोरशेत हे वडनेर भोलजीपासून आठ-दहा किलोमीटर आत, कापसाचं गाव. रसूलचा बाप भांड्यांना कल्हई करायचा. रसूलने पोरवयात खामगावात एका रेडिओच्या दुकानात झाडू मारता मारता काम शिकून घेतलं आणि गावात येऊन स्वतःचं दुकान टाकलं. आधी रेडिओ, मग टीव्ही. त्या दिवसांबद्दल तो बोले तेव्हा त्याचा आवाज जरा बरा असे. बिघाड म्हणजे बिघाड होता. कंडेन्सर फुगला, सोल्डरचा डाग सुटला, तार जळाली. सापडलं की दुरुस्त, आणि दुरुस्त म्हणजे दुरुस्त. मग छतांवर डिशच्या छत्र्या आल्या, केबल आली, कंपन्यांचे डबे आले, आणि शेवटी दिल्लीच्या बाजारातून बिननावाचा डबा आला. रसूलचं पोट त्याच्यावर चालू झालं आणि धंद्यातला रस संपला.

या डब्यात कंपनीचं कार्ड नसे. कार्डाचं सोंग घेणारा एक प्रोग्राम रसूल आपल्या जुनाट कॉम्प्युटरवरून तारेने त्यात उतरवून देई. आकाशातून येणारं चित्र कुलूपबंद असे. डबा कार्डाला चावी मागे, कार्डाच्या जागी बसलेला प्रोग्राम ती पुढे करी, आणि परदेशातलं क्रिकेट बोरशेतातल्या मातीच्या घरात फुकट उतरे.

हे त्याने एकदा निवृत्तीला समजावून सांगितलं होतं. निवृत्ती गावातला पाच एकरांचा धनी, विहीर पाण्याची, तोंड गोड, आणि प्रत्येक गोष्टीत नाक.

"डबा इचारते, चावी काय? जवाब बरोबर आला का दार उघडते. जवाब कोनं देल्ला, हे तो नाही इचारत."

"म्हंजे येडंच हाय ते."

"येडं नाही, भाऊ. त्याले तेवढंच शिकवलं."

चावी सोळा अक्षरांची. आकडे आणि त्यांच्यात मिसळलेली एबीसीडीतली पहिली सहा अक्षरं. कंपनी ती दर पंधरा-वीस दिवसांनी बदले, की साठ घरांचे पडदे एकदम काळे होत. खामगावात आसिफ नावाचा एकजण इंटरनेटचं दुकान चालवी. तो नवी चावी शोधून काढी आणि फोनवर सांगे. फोनवर अक्षरांची गफलत होऊ नये म्हणून दोघांनी गावं ठरवून घेतली होती : अकोला, बुलडाणा, चिखली, डोणगाव, एदलाबाद, फैजपूर. "सात, चिखली, दोन, फैजपूर, फैजपूर, नऊ..." असं रसूल मोठ्याने म्हणत लिहून घेई, तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडे, "मिस्त्री, एष्टीत लागले का बे? फैजपूरले दोन गाड्या सोडल्या!"

चावी तो एका लांब वहीत लिही. तारीख, चावी, आणि खाली कोणाकोणाच्या घरी भरली त्यांची नावं. रेडिओच्या दुकानात लागलेली सवय होती. आलेलं काम लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही.

"मेकॅनिक नहीं रहा मैं," तो बायकोला, गौसियाला म्हणे. "चावीवाला हो गया."

"घर तो चल रहा है नं जी," ती म्हणे, आणि तो विषय तिथे संपे.

२०१० च्या जूनमध्ये त्याच्या वहीत वेगळ्याच ओळी येऊ लागल्या.

त्या सुमारास बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाच्या एका वाणासाठी लोक पहाटेपासून रांगा लावत. मागणी अशी की बियाण्याला काळाबाजार फुटला, आणि काळ्याबाजारामागून नकली पाकिटं आली. अस्सल पाकिटावर वरच्या अंगाला एक चकाकती चकती असे आणि तिच्याखाली त्या एकाच पाकिटाचा असा नंबर. म्हातारे पंजाबराव आपली दोन पाकिटं घेऊन रसूलच्या दुकानात आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमी कुलपावाले मानूस. खरं का खोटं, पाहून द्या."

रसूलला बियाण्यातलं काही कळत नव्हतं. पण त्याच्याकडे भिंग होतं, दिवा होता, आणि सोळा-सोळा अक्षरं न चुकता वाचणारे डोळे होते. त्याने चकती दिव्याखाली फिरवली. तिच्यातलं चित्र तिरपं धरलं की हलत होतं. नंबर स्वच्छ छापलेला. त्याने वहीत तारीख, नंबर, पंजाबरावांचं नाव आणि दुकानाचं नाव लिहिलं, आणि सांगितलं, "अस्सल." त्यांच्यामागून त्या जूनमध्ये आणखी चार-पाचजण पाकिटं दाखवून गेले.

पंजाबरावांची कपाशी चांगली आली. झालं. पुढच्या जूनपर्यंत गावात रीतच पडली : बियाणं आणलं की आधी रसूलच्या टेबलावर, मग देवापुढे, मग वावरात. रसूल त्याचे पैसे घेत नसे. रिमोटला हात लावायच्या आधी तो फडकं काढी. पाकिटाला हात लावायच्या आधी स्वतःचे हात धुई.

बोरशेतात बियाण्याचं मोठं दुकान भगवंतरावांचं. रसूलच्या चावीवर त्यांच्या दुकानातला टीव्ही चाले आणि त्या टीव्हीपुढे गिऱ्हाईक बसे. भगवंतरावांनी दोन वर्षांपासून एक योजना काढली होती : पाच रिकामी पाकिटं आणा, एक स्टीलची वाटी न्या. बाया खूश. निवृत्तीची बायको वच्छलाबाई जावेकडची, नणंदेकडची पाकिटं मागून आणी आणि वाट्या जमवी. दुकानातला माणूस फक्त एवढं सांगे, "वरून फाडू नका बरं ताई, खालून कापजा. मोजाले सोपं जाते." खालून कापलेली पाकिटं मोजायला सोपी कशी, हे कुणीही विचारलं नाही. रसूलनेही नाही.

२०११ च्या जूनमध्ये निवृत्तीने भगवंतरावांकडून पाच पाकिटं उचलली. बिल मागितलं, तर उत्तर आलं, "बिल पाह्यजे असन तर आठ दिवसानं या. माल राह्यला तर भेटन." पाऊस तोंडावर होता. निवृत्ती बिलाशिवाय पाकिटं घेऊन सरळ रसूलकडे आला. रसूलने पाचही चकत्या पाहिल्या, पाचही नंबर दुकानाच्या नावासकट लिहिले.

"बिनधास्त पेरा," तो म्हणाला.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. निवृत्ती दुकानात आला, त्याने धोतराच्या सोग्यातून सात-आठ बोंडं काढली आणि टेबलावर फोडली. आत हिरवट, फुगलेल्या अळ्या. त्यांची ओली विष्ठा रसूलच्या टेबलावर सांडली आणि आंबूस वास सुटला. एक अळी भिंगाच्या दांडीवर चढू लागली. रसूलने ती फडक्याने चिमटली.

"सारं वावर असंच हाय," निवृत्ती म्हणाला. "जानरावचं वावर माह्या धुऱ्याले लागून हाय. त्याच्या कपाशीत अळी सापडत नाई. माह्यात अळीबिगर बोंड सापडत नाई."

"फवारलं?"

"तीन डाव. आता पंपाचाच वास येऊन राह्यला घरात." त्याने बोंडं बाजूला सारली. "तुमी म्हनले होते, रसूलभाई. बिनधास्त."

त्याने हे भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर रसूलला सोपं गेलं असतं.

पाकिटं वच्छलाबाईने वाटीसाठी जपून ठेवली होती. ती निवृत्तीने सोबत आणली होती. रसूलने वही काढली, जूनचं पान उघडलं. पाचही नंबर जुळले. मग का कोण जाणे, एका नंबराशी त्याचं बोट अडलं. हा नंबर त्याने एकदाच लिहिलेला नव्हता. त्याने पानं मागे उलटली. चाव्या, नावं, चाव्या, नावं, आणि मागच्या वर्षीच्या जूनमध्ये तोच नंबर, अक्षर न् अक्षर तोच, पंजाबरावांच्या नावापुढे. अर्ध्या तासात पाचांतले तीन नंबर मागच्या वर्षीच्या पानांवर सापडले.

मग त्याने पाकिटं उलटी धरली. खालच्या कडेला एक सोडून दोन शिवणी होत्या, एकीवर एक, तापवून दाबलेल्या. तारखेच्या जागी प्लास्टिकची चकाकी गेली होती. तिथली छपाई पुसून नवी मारली होती, आणि ती कशाने पुसली हे त्याला वास न घेताही कळलं. रिमोट पुसायला तो रोज तेच वापरत होता.

चकती खरी होती. नंबर खरा होता. पाकीट खरं होतं. पंजाबरावांच्या सुनेने एका वाटीसाठी ते परत केलं होतं, आणि आत भलतंच बी भरून ते निवृत्तीच्या हाती आलं होतं. दोन वर्षं रसूलने फक्त जवाब बरोबर आहे की नाही एवढंच पाहिलं होतं.

तो मागच्या नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

निवृत्तीने तालुक्याला तक्रार दिली. पाहणीला समिती येणार, असा निरोप आला. सोबत बिल हजर ठेवण्याची सूचना होती. बिल नव्हतंच. पाकिटं कुठून घेतली, ती बनावट कशी, हे दाखवणारा कागद साऱ्या तालुक्यात एकच होता : रसूलची वही. आणि त्याच वहीत दोन वर्षांच्या चोरीच्या चाव्या होत्या, साठ घरांच्या नावांसकट.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी भगवंतराव रसूलच्या दुकानात आले. स्टुलावर बसले, खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून कान कोरू लागले. कोरून झाल्यावर किल्ली रसूलच्याच टेबलाच्या कडेला पुसली.

"उद्या वही आनून राह्यले म्हने, मिस्त्री?"

रसूल हातातला रिमोट पुसत राहिला.

"आना नं बापा. आपल्याले काय. पन पयल्या पानापासून आना. छत्रीच्या कंपनीचा सायेब अकोल्यात बसते, त्याचा नंबर हाय माह्याजोळ. तो बी वाचन मंग."

"तुमच्या दुकानातलाबी डबा आहे त्याच्यात, शेठ."

"मी तं गिऱ्हाईक हावो. चोर तुमी." भगवंतराव हसले. "पाहा, आपला दोघांचा धंदा एकच. तुमी डब्याले येडं बनवता, मी..."

"डब्याच्या वावरात अळी नाही पडत, शेठ."

भगवंतरावांचं हसू गेलं नाही. "दोन पानं फाडा. जूनवाली, अन् मांगच्या जूनवाली. कोनाले समजत नाई. तुमची छत्री तुमच्यापाशी, माहं दुकान माह्यापाशी. निवृत्तीचं मी पाहून घेतो, पुढच्या साली दोन पाकिटं फुकट देतो त्याले." ते उठले. "अस्सल देतो," दारातून वळून म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसत गेले.

रसूलने टेबलाची कड तीनदा पुसली. घरी येऊन त्याने सगळं गौसियाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"तुमको क्या पड़ी थी जी, लोगों के पाकिट देखने की?"

"गलती हो गई."

"तो अब किताब जलाओ. नहीं तो पूरी दो." तिने भाकरी तव्यावर टाकली. "आधी मत फाड़ो. आधी फाड़ी तो तुम भी भगवंतराव."

समिती उन्हं चढल्यावर आली. जीपमधून चौघं उतरले : तालुक्याचे साहेब, त्यांचा कारकून, बियाण्याच्या कंपनीचा माणूस आणि एक तरुण शास्त्रज्ञ. कंपनीच्या माणसाने नाकाला रुमाल लावला आणि धुऱ्यावरूनच सांगितलं, "फवारणी बरोबर झालेली नाही." साहेबांनी सावली पाहून खाट मागवली. वच्छलाबाईने चहा आणला. पंजाबराव, जानराव आणि अर्धं गाव गोळा झालं. भगवंतराव स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत साहेबांच्या मागे उभे.

"बिल?" साहेबांनी विचारलं.

"देल्लं नाई, सायेब."

"माह्या दुकानातून नेलं, हेच कशावरून?" भगवंतराव म्हणाले. "मी तं यांले वळखतो, बियानं देल्लं नाई."

रसूल पुढे झाला आणि त्याने वही खाटेवर ठेवली. दोन्ही पानांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. साहेबांनी नंबर पाहिले, पाकिटं पाहिली, खालच्या शिवणी पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी जाग आली. मग त्यांनी वही मिटली.

"पण ही तुम्ही काल रात्री बसून लिहिली नसेल कशावरून?"

"मधल्या ओळींवरून, साहेब."

"त्या कशाच्या आहेत?"

गर्दीतल्या निम्म्यांची नावं त्या ओळींखाली होती, आणि ती माणसं रसूलकडे अशी पाहत होती की जणू कपाशी त्यानेच खाल्ली. पंजाबराव खाकरले. "फोन नंबर असतीन, सायेब," कुणीतरी मागून म्हणालं.

"चाव्या आहेत," रसूल म्हणाला. "छत्रीच्या डब्याच्या. कंपनीचं कुलूप उघडतात. कंपनी दर पंधरा-वीस दिवसांनी बदलते, मी त्या दिवशी लिहून घेतो. कोणत्या आठवड्यात कोणती चावी चालत होती हे माझ्या मनावर नाही, कंपनीच्या मनावर आहे. बियाण्याचे नंबर त्या ओळींच्या मध्ये बसले आहेत. मागाहून घुसवायला जागाच नाही."

"म्हणजे तुम्ही चोरी करता."

"हो, साहेब. तारीखवार."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात तरुण शास्त्रज्ञाने वही हातात घेतली, मागच्या दिवाळीचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवून ती ओठांत वाचली. त्याचे कान लाल झाले.

"तारीख बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"आहे, सर. बरोबर आहे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग कारकुनाला म्हणाले, "लिहा." पंचनाम्यात दोन वर्षांचे एकच नंबर आले, दुहेरी शिवणी आल्या, दुकानाचं नाव आलं. भगवंतरावांनी सही केली आणि पेन मोडला. वही कारकुनाने पिशवीत टाकली.

आठ दिवसांनी अकोल्याहून छत्रीच्या कंपनीचे दोघं आणि सोबत एक पोलीस शिपाई असे रसूलच्या दुकानात उतरले. कॉम्प्युटर, तार, दुरुस्तीला आलेले चार डबे त्यांनी गाडीत टाकले. रसूलला ठाण्यात नेऊन संध्याकाळी जामिनावर सोडलं. शिपाई भला माणूस होता. सोडताना बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, केस होत राहीन. पन मोठ्या सायबाच्या क्वार्टरमधला डबा तेवढा चालू ठेवजा."

"कॉम्प्युटर तुमच्याच गाडीत आहे," रसूल म्हणाला.

भगवंतरावांचा परवाना निलंबित झाला. दुकानाचं शटर नऊ दिवस बंद होतं. दहाव्या दिवशी उघडलं ते बायकोच्या नावाने. पाटीवर नवा रंग मारला होता आणि त्याखालून जुनी अक्षरं दिसत होती. गावातल्या बाया तिथेच सरकी-ढेप घ्यायला जात राहिल्या.

नोव्हेंबरअखेर चावी बदलली. साठ घरांचे पडदे काळे झाले. रसूल टपरीवर चहाला गेला, तर बोलणं थांबलं. मग पंजाबराव, ज्यांनी पहिली पाकिटं त्याच्या टेबलावर ठेवली होती, ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "बियान्याचं बियान्यापाशी होतं. टीव्हीचं काऊन मधात आनलं?"

"नावं तं गावाची होती नं त्यात," दुसरा म्हणाला. "आपल्यासंगं सारं गाव बुडवलं मियाँनं."

कुणी भगवंतरावांचं नाव काढलं नाही. रसूलने चहा अर्धा सोडला. बियाण्याबद्दल त्या टपरीवर त्यानंतर त्याने कधी शब्द काढला नाही.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी निवृत्ती घरी आला. हातात ओल्या तुरीच्या शेंगांची टोपली. समितीचा अहवाल आला होता : बियाणं बनावट. आता नुकसानभरपाईसाठी ग्राहक मंचात जाता येणार होतं. वकील म्हणाला होता, वेळ लागेल पण पकड घट्ट आहे.

"तुमच्यामुळं झालं, रसूलभाई. दुसऱ्या कोनं केलं नसतं."

रसूलने मान हलवली. त्याला बरं वाटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. दोघं ओट्यावर बसले. निवृत्तीने गव्हाच्या पेरणीचं सांगितलं, वच्छलाबाईच्या गुडघ्यांचं सांगितलं. मग तो उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"त्या आसिफचा नंबर असन नं तुमच्यापाशी? खामगाववाल्याचा?"

"कशाले?"

"नाई, म्हनलं... आस्ट्रेलियातली मॅच सुरू होऊन राह्यली नं सव्वीसले. दूरदर्शनवर नाई म्हनते. आकडे तं मीबी भरून पाहीन, रिमोट हाय." तो हसला. "लोक मले म्हनत होते, तुमी गेले तं मिस्त्री तुमचं आयकन."

माणूस वाईट नव्हता. हेच सगळ्यात किळसवाणं होतं.

"आहे नंबर," रसूल म्हणाला. "देत नाही."

निवृत्ती आणखी थोडा वेळ बसला, मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, राम राम म्हणाला आणि गेला. गौसिया दारात आली.

"क्या बोल रहे थे?"

"कुछ नहीं. शेंगा लाए थे."

तिने टोपली उचलली. वाकून एक शेंग दाबून पाहिली, फोडली, आतले दाणे चांगले आहेत की नाही ते नीट पाहिलं, आणि मगच टोपली आत नेली.